मधुमेहाचं संशोधन आणि आपली शुगरची वही: दोन्हींची सांगड कशी घालायची

मधुमेहाच्या बातम्या बहुतेक वेळा दोन टोकांना असतात. एक म्हणते, नव्या औषधाने मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. दुसरी म्हणते, मधुमेह आता कायमचा बरा होतो. आपल्या वहीत मात्र रात्रीचे २०५ आणि सकाळचे १६२ असे दोन आकडे लिहिलेले असतात आणि बातमीतल्या टक्क्यांचा त्यांच्याशी काय संबंध, हे कळत नाही. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत ते समजावून सांगायला वेळ नसतो.

संशोधन हजारो माणसांच्या सरासरीबद्दल बोलतं. काय करून पाहण्यासारखं आहे, एवढं त्यातून कळतं. ते आपल्या शरीराला मानवलं का, याचं उत्तर फक्त आपल्या नोंदींत सापडतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत अभ्यास आणि वही हातात हात घालून येतील. एक सूचना आधीच: इन्सुलिनचे किंवा गोळ्यांचे डोस कुठलाही लेख वाचून बदलू नका, हाही नाही. इथली माहिती डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून आहे.

पायरी १: आपला मधुमेह कोणता, ते पक्कं करा

हे सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं, पण तसं नसतं. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन बाहेरून घेण्याला पर्याय उरत नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडत जातं. या दोन्हींवरचे अभ्यास वेगळे, औषधं वेगळी, धोकेही वेगळे. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवला की घोटाळा होतो.

टाइप १ फक्त मुलांना होतो, हा समज जुना झाला. तो कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो आणि मोठेपणी सुरू झाला तर पहिली काही वर्षं टाइप २ म्हणून खपून जातो. अंगकाठी बारीक, वजन झपाट्याने उतरलेलं, गोळ्या वाढवूनही शुगर ऐकत नाही, असं असेल तर जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पहिलीतून प्रतिकारशक्तीचा हल्ला चालू आहे का ते कळतं, दुसरीतून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते.

निदानाचे आकडेही एकदा डोळ्यांखालून घाला. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं ठळक नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

पायरी २: एचबीएवनसी नीट वाचा

रक्तातली साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून या तपासणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यातही जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून आकडा सुधारत नाही, पण एक महिना नीट वागलं तर फरक दिसायला लागतो.

टक्क्यांचं भाषांतर घरच्या मीटरच्या आकड्यांत करायचं सूत्र आहे: एचबीएवनसीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. हा हिशोब एकदा स्वतः करून पाहाच. मीटरवर कायम १३० च्या आसपास दिसतंय आणि एचबीएवनसी मात्र ८.४ आलंय, तर आपण चुकीच्या वेळी तपासतोय, हे तिथेच कळतं. बहुतेक वेळा फक्त सकाळची उपाशीपोटीची शुगर पाहिलेली असते आणि जेवणानंतरचे डोंगर नजरेआड राहिलेले असतात.

मात्र ही तपासणीही फसवू शकते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. नुकतंच रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी येतो. थॅलेसेमिया, सिकल सेल यांसारखे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक बदल असतील, मूत्रपिंड बरंच बिघडलं असेल किंवा गरोदरपण असेल, तरीही एकट्या एचबीएवनसीवर विसंबू नये. एचबीएवनसीच्या कागदाशेजारी हिमोग्लोबिनचा कागद ठेवायची सवय लावून घ्या. ही साधी गोष्ट फार कमी लोक करतात.

पायरी ३: घरी तपासा, पण जोडीने

रोज सकाळी एकदा तपासून वही भरवणं म्हणजे पट्ट्या वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकटा आकडा फारसं बोलत नाही. दोन आकड्यांमधला फरक बोलतो.

आधी तपासण्याची रीत. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. नुकतंच फळ कापलं असेल तर बोटाला लागलेल्या रसानेही आकडा वर जातो. सुई बोटाच्या मध्यावर नको, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. बोट जोरजोरात पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पट्टी काढल्या क्षणी लावा, कारण दमट हवेने पट्ट्या बिघडतात. मीटरच्या अचूकतेचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय निकषही ध्यानात ठेवा: १०० किंवा त्याहून वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या १५ टक्क्यांच्या आत आले की मीटर पास. म्हणजे खरी शुगर १८० असताना चांगल्या मीटरवर १५३ ही दिसेल आणि २०७ ही. लागोपाठ दोनदा टोचून १७२ आणि १८४ आले म्हणून मीटरला नावं ठेवू नका.

आता जोड्या. एका आठवड्यात एकच जेवण घ्या. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा तपासा. जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. असं तीन-चार दिवस करा. काय खाल्लं, किती, त्यानंतर चाललात की बसलात, औषध कधी घेतलं, हे शेजारी लिहा. पुढच्या आठवड्यात दुसरं जेवण. तिसऱ्या आठवड्यात झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर अशी जोडी.

ही शेवटची जोडी फार बोलकी असते. सुरुवातीचेच आकडे घेऊ: झोपताना २०५, सकाळी १६२. सकाळची शुगर जास्त आहे म्हणून रात्रीचं इन्सुलिन वाढवायचा मोह होईल. पण नीट पाहा, रात्रभरात शुगर ४३ ने खाली आलेली आहे. रात्रीचं काम व्यवस्थित चाललंय. गडबड संध्याकाळच्या जेवणात आहे. रात्रीचा डोस वाढवला आणि एखाद्या दिवशी झोपताना शुगर १२० असली, तर पहाटे ती धोक्याच्या खाली जाईल. आता उलटं चित्र: झोपताना १३०, सकाळी १७८. इथे जेवणाचा दोष नाही. पहाटे शरीरात काही हार्मोन वाढतात आणि यकृत साखर सोडतं, त्याचा हा परिणाम. सकाळचा आकडा दोन्हीकडे सारखाच ‘वाढलेला’, पण उपाय पूर्ण वेगळे.

सतत शुगर मोजणारा दंडावरचा सेन्सर वापरत असाल तर जोड्या जुळवायचा खटाटोप वाचतो. तिथे पाहायचं ते ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ गेला. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांहून जास्त वेळ हे लक्ष्य मानतात आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. वयस्कर आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी हेच ५० टक्के आणि १ टक्का असं सैल-कडक केलेलं आहे: वरच्या बाजूला सवलत, खालच्या बाजूला कडक पहारा. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटा कमी आकडाही दाखवतो. अंगात जाणवतंय एक आणि सेन्सर सांगतोय दुसरं, असं झालं की बोटाला टोचून खात्री करा.

पायरी ४: आपलं लक्ष्य ठरवा, शेजाऱ्याचं नाही

‘शुगर जितकी कमी तितकी चांगली’ हे खरं का? या प्रश्नावर तीन मोठे अभ्यास झाले आणि तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

पहिला डीसीसीटी. अमेरिका आणि कॅनडातले टाइप १ चे १,४४१ जण. निकाल १९९३ मध्ये आले. एका गटाने दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा इन्सुलिनचा पंप वापरून एचबीएवनसी ७ च्या जवळ ठेवलं, दुसरा गट नेहमीच्या उपचारावर ९ च्या आसपास राहिला. ज्यांच्या डोळ्यांना आधी काही झालेलं नव्हतं, त्यांच्यात पडद्याचा आजार होण्याचा धोका कडक नियंत्रणाने ७६ टक्क्यांनी घटला. त्याची किंमतही मोजावी लागली: शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले.

दुसरा ब्रिटनमधला यूकेपीडीएस. नव्यानेच टाइप २ चं निदान झालेले ५,१०२ जण, सुरुवात १९७७ ची, निकाल १९९८ ला. एचबीएवनसीतला फरक तसा थोडा, ७.० विरुद्ध ७.९, तरी डोळे-मूत्रपिंडासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी. हृदयविकाराच्या झटक्यांतली घट तेव्हा ठामपणे सिद्ध झाली नव्हती. खरी गंमत पुढे झाली. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांचं एचबीएवनसी सारखं झालं. तरी दहा वर्षांनी, २००८ मध्ये पाहिलं तेव्हा सुरुवातीला नियंत्रण चांगलं असलेल्या गटात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होते. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांची मेहनत पुढे दीर्घकाळ पुरते, हे यातून कळलं. ‘सध्या काही त्रास नाही, पुढे बघू’ असं म्हणणाऱ्याला दाखवावा असा हा निकाल आहे.

तिसरा ॲकॉर्ड. १०,२५१ जण, सरासरी वय ६२, मधुमेह जुना, हृदयविकाराचा धोका मोठा. इथे एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक गटाचा तो उपचार मुदतीआधी थांबवावा लागला.

तिन्ही समोर ठेवले की चित्र उलगडतं. तरुण वय, नवा मधुमेह, हृदय ठीक, शुगर खाली जायचा धोका कमी: ६.५ ते ७ साठी झटणं फायद्याचं. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह वीस वर्षांचा, हृदयाची तक्रार, इन्सुलिन चालू, शुगर अधूनमधून खाली जाते: ८ च्या आसपास असणं हे अपयश नव्हे, तोच शहाणपणाचा उपचार आहे. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या खाली, जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे आकडे सर्रास वापरले जातात. ते सुरुवातीचा बिंदू म्हणून घ्या आणि स्वतःचं लक्ष्य डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. ‘कंट्रोलमध्ये ठेवा’ या वाक्याला काही अर्थ नाही. गरोदरपणात लक्ष्यं याहून कडक असतात आणि तिथला सल्ला स्वतंत्रच घ्यायचा.

पायरी ५: जेवण आणि हालचाल, एका वेळी एकच बदल

आहाराबद्दल जितकी माणसं तितकी मतं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांना आठवडाभर सेन्सर लावून पाहिलं, तर एकच पदार्थ खाऊन एकाची शुगर उसळली आणि दुसऱ्याची जेमतेम हलली. त्यामुळे दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा उचलण्यात हशील नाही.

तरी करून पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, खाण्याचा क्रम. २०१५ च्याच एका अमेरिकी अभ्यासात तीच माणसं, तेच जेवण, फक्त क्रम बदलला: आधी भाज्या आणि प्रथिनं, मग पिष्टमय पदार्थ. तासाभराने शुगर ३७ टक्क्यांनी कमी दिसली. अभ्यासात माणसं मात्र ११ च होती, म्हणून याला सिद्धान्त मानू नका. पण करून पाहायला काही लागत नाही आणि धोकाही जवळपास नाही. दोन, जेवणानंतरचं चालणं. न्यूझीलंडमध्ये टाइप २ च्या ४१ जणांना एका टप्प्यात दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं आणि दुसऱ्या टप्प्यात तीनही जेवणांनंतर १० मिनिटं चालायला सांगितलं. चालणं तेवढंच, पण जेवणानंतर चालल्यावर शुगरची उसळी १२ टक्क्यांनी कमी, आणि संध्याकाळच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी.

हे आपल्याला लागू पडतं का, ते तिसऱ्या पायरीतल्या जोड्यांनी तपासा. तीन दिवस नेहमीसारखं जेवा, तीन दिवस तेच जेवण क्रम बदलून. प्रमाण बदलू नका, चालणं वाढवू नका, जेवणाची वेळही तीच ठेवा. सगळं एकदम बदललं की शुगर उतरते खरी, पण कशामुळे उतरली ते कळत नाही आणि मग ते टिकतही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधीही तपासावं; जास्त व्यायामाचा परिणाम त्या रात्रीपर्यंत रेंगाळतो.

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, हा सल्ला ऐकून सगळ्यांचे कान किटले असतील. त्यातला दुसरा भाग मात्र बहुतेक जण सोडून देतात. स्नायू हे साखर वापरणारं शरीरातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ते वयानुसार कमी होत जातात, म्हणून साठीनंतर वजन उचलण्याचे व्यायाम चालण्याइतकेच महत्त्वाचे.

आता ‘मधुमेह बरा होतो’ या दाव्याकडे. त्यामागे खरं संशोधन आहे, पण अटींसह. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या डायरेक्ट अभ्यासात टाइप २ चं निदान होऊन सहा वर्षं पूर्ण न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या द्रव आहारावर ठेवलं. वर्षभराने ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ते ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत आलं की शुगरही परत येते. म्हणून डॉक्टर याला रेमिशन (आजार मागे हटणं, कायमचा जाणं नव्हे) म्हणतात आणि दरवर्षीच्या तपासण्या चालूच ठेवायला सांगतात. टाइप १ ला यातलं काहीही लागू नाही. आणि हा आहार गोळ्या चालू ठेवून घरच्या घरी सुरू केला तर शुगर आणि रक्तदाब दोन्ही कोसळू शकतात.

पायरी ६: प्रत्येक गोळी कशासाठी, ते लिहून काढा

गेल्या दहा वर्षांत मधुमेहाच्या औषधांबद्दलचा विचारच बदलला. पूर्वी विचारायचे, शुगर किती उतरते? आता विचारतात, शुगर उतरण्यापलीकडे हृदय आणि मूत्रपिंड वाचतं का?

मेटफॉर्मिन अजूनही उपचाराचा पाया असलेलं औषध. पोट बिघडत असेल तर जेवणासोबत घेणं, हळूहळू वाढवणं किंवा सावकाश विरघळणारी गोळी मागून घेणं, हे उपाय आहेत. आपल्याच मनाने सोडून देणं हा उपाय नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर सगळं खापर मधुमेहावर फोडण्याआधी बी-१२ तपासा. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली गेला तर हे औषध बंद करतात.

एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं. हृदय कमकुवत असेल किंवा मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर शुगर ठीक असतानाही ती देण्याचं कारण असतं. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग हा नेहमीचा त्रास. स्वच्छतेने बराच टळतो आणि झाला तर संकोच न करता सांगा. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही बहुतेक करून इंजेक्शनने घ्यायची. भूक आणि वजन कमी होतं, हृदयाचं संरक्षणही दिसलं आहे. सुरुवातीला मळमळतं. डोळ्यांच्या पडद्याला आधीच इजा असेल तर ही औषधं सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या, कारण शुगर फार वेगाने उतरली की पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड जुनी आणि परिणामकारक, पण शुगर खाली नेऊ शकतात. ही घेऊन जेवण चुकवू नये.

इन्सुलिनची भीती अनाठायी आहे. टोचण्याच्या जागा मात्र बदलत राहा. एकाच जागी टोचून गाठ झाली की तिथून इन्सुलिन कधी जास्त कधी कमी शोषलं जातं आणि शुगर विनाकारण नाचते. बोटांनी पोट चाचपून पाहा, नुसत्या नजरेला गाठ दिसतेच असं नाही. पेन टोचल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. गाठीची जागा सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून त्या दिवसांत जास्त वेळा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

पायरी ७: बातमीतले टक्के सोलून पाहा

सुरुवातीचे ३८ टक्के खोटे नाहीत. एम्पाग्लिफ्लोझिनवरच्या अभ्यासात ७,०२० जण होते, निकाल २०१५ चा. सुमारे तीन वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू झाले ते औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात ५.९ टक्के, औषधाच्या गटात ३.७ टक्के. ५.९ वरून ३.७ ही साधारण ३८ टक्क्यांची घट. पण दुसऱ्या भाषेत: १०० जणांनी तीन वर्षं औषध घेतलं तर साधारण दोघांचा जीव वाचला. दोन्ही वाक्यं खरी, बातमीत फक्त पहिलं येतं. शिवाय या सर्वांना आधीपासूनच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता. निरोगी हृदयाच्या पस्तिशीतल्या माणसाला हाच फायदा एवढ्याच मापाने मिळेल, असं यातून निघत नाही.

तेव्हा बातमी वाचताना हे विचारा:

- अभ्यास माणसांवर होता की उंदरांवर? उंदरांचा मधुमेह आजवर कितीतरी वेळा बरा झाला आहे.
- माणसं माझ्यासारखी होती का: वय, प्रकार, किती वर्षांचा मधुमेह, हृदय-मूत्रपिंड कसं?
- तुलना कशाशी होती? चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते की जे घेतात त्यांना नुसतं पाहिलं?
- किती काळ? तीन महिन्यांत शुगर उतरते. डोळे वाचले का ते कळायला वर्षं जातात.
- १०० जणांमागे किती जणांचा नेमका काय फायदा झाला, आणि किती जणांना त्रास?

एखादा काढा किंवा चूर्ण शुगर ‘मुळापासून’ काढतं, असा दावा आला तर तिसरा आणि चौथा प्रश्न पुरतो. आणि इन्सुलिन बंद करायला सांगणारा कुणीही भेटला, तर टाइप १ च्या माणसाच्या बाबतीत तो सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

पायरी ८: शुगर खाली गेली किंवा आजारी पडलात, तर

हे पान फाडून स्वयंपाकघरात लावावं असं. शुगर ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड, बोलण्यात गोंधळ: १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब. म्हणजे ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या, किंवा पाण्यात तीन-चार चहाचे चमचे साखर. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. सावरल्यावर थोडं खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लुकागॉन (शुगर पटकन वाढवणारं औषध) असेल तर द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर खाली गेली असेल तर काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते, म्हणून एकट्याने झोपू नका. वारंवार खाली जात असेल तर शरीर इशारे देणं बंद करतं. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तिथे लक्ष्य सैल करावं लागतं.

ताप, उलट्या, जुलाब असताना शुगर न खाताही वाढते. टाइप १ असेल तर जेवण गेलं नाही म्हणून लांब टिकणारं इन्सुलिन कधीही थांबवू नका. शुगर २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेले की डॉक्टरांना फोन, ३ च्या वर गेले की रुग्णालय. मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या अशा दिवसांत सहसा तात्पुरत्या थांबवतात. त्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांत एक छुपा धोका आहे: शुगर २०० च्या आत असूनही कीटोन वाढू शकतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असेल तर मीटरवरच्या चांगल्या आकड्यावर विश्वासून बसू नका. ‘आजारपणात काय थांबवू, काय चालू ठेवू’ हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं.

पायरी ९: शुगरपलीकडचे चार कागद

यूकेपीडीएसमध्येच रक्तदाबाचा वेगळा भाग होता. १५४/८७ ऐवजी १४४/८२ एवढ्यावर दाब ठेवल्याने लकव्याचे झटके ४४ टक्क्यांनी घटले. म्हणून रक्तदाब शुगरइतकाच महत्त्वाचा. आज बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल बरं असलं तरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) का देतात, याचं उत्तरही तेच: मधुमेहात जीव बहुतेक वेळा हृदयाच्या वाटेने जातो.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तातलं क्रिएटिनिन. फक्त दुसरं केलं तर मूत्रपिंडाची सुरुवातीची इजा निसटते. अल्ब्युमिनचं हे प्रमाण ३० च्या वर आलं तर घाबरण्याआधी पुन्हा तपासा. ताप, संसर्ग, कडक व्यायाम यानेही ते वाढतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी टाइप २ मध्ये निदानाच्या वेळीच सुरू होते, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती नव्हे. पाय रोज बघा, तळवे आरशात, आणि बोटांच्या बेचक्या विसरू नका. संवेदना गेलेल्या पायाला जखम दुखत नाही, म्हणूनच ती वाढत जाते.

पायरी १०: डॉक्टरांकडे जाताना

पूर्ण वही पुढे ठेवली तर ती वाचायला कुणालाच वेळ नसतो. आदल्या दिवशी एका कागदावर तीन गोष्टी काढा: गेल्या दोन आठवड्यांतल्या जोड्या, ७० च्या खाली गेलेले प्रसंग वेळेसह, आणि खरोखर घेतल्या जाणाऱ्या औषधांची यादी. त्यात चुकवलेले डोसही लिहा. ते लपवले तर डॉक्टर औषध कमी पडतंय असं समजून वाढवतात आणि ज्या दिवशी सगळं वेळेवर घेतलं जातं त्या दिवशी शुगर खाली जाते.

मग दोनच प्रश्न. माझं लक्ष्य कोणतं आणि का? या भेटीत जे बदललं, ते चाललं की नाही हे कोणत्या आकड्यावरून आणि कधी ठरवायचं? उत्तर तिथेच त्या कागदाच्या मागे लिहा. रात्रीचं इन्सुलिन बदललं असेल तर झोपताना-सकाळची जोडी काही दिवसांत सांगेल. जेवणातला बदल आठवड्याभरात दिसेल. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांनीच करा. सहा आठवड्यांत केलं तर त्या आकड्यात जुन्या दिवसांचा वाटा बराच शिल्लक असतो आणि चांगला चाललेला बदल फुकट गेला असं वाटून तो सोडून दिला जातो.